सोपीव खाती कार्डिफला, राखीव खाती लंडनला: वेल्समधल्या लेबर पक्षाचं घरचं भांडण

कार्डिफ ही वेल्सची राजधानी. तिथल्या तुरुंगातून एखादा कैदी सुटला की त्याची जबाबदारी दोन सरकारांत वाटली जाते. तुरुंग लंडनच्या अखत्यारीत. सुटकेनंतर त्याच्यावर लक्ष ठेवणारा प्रोबेशन अधिकारीही लंडनचाच. पण तुरुंगातला दवाखाना वेल्सच्या आरोग्य सेवेचा, दारू किंवा ड्रग्ज सोडवण्याचे उपचार वेल्सचे, आणि राहायला खोली हवी असेल तर अर्ज करायचा स्थानिक कौन्सिलकडे, जिचे नियम कार्डिफमधलं सरकार ठरवतं. सुटकेची तारीख एक सरकार ठरवणार, खोली दुसऱ्याने शोधायची. 2024च्या सप्टेंबरात तुरुंग भरून वाहू लागले म्हणून लंडनने कैद्यांना मुदतीआधी सोडायला सुरुवात केली, तेव्हा घरांची सोय करण्याचं काम वेल्सच्या कौन्सिलांच्या गळ्यात पडलं. त्या वेळी लंडनमध्ये सरकार लेबर पक्षाचं होतं आणि कार्डिफमध्येही.

ही वाटणी पाहून शाळेतला इतिहास आठवेल. 1919च्या कायद्याने मुंबई इलाख्यात द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती निवडून आलेल्यांतून नेमलेल्या मंत्र्यांकडे. पोलीस, न्याय, महसूल, अर्थ ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरकडे. शाळा-दवाखाने तुम्ही चालवा, दंडुका आणि तिजोरी आमच्याकडे. या सुधारणा घ्याव्यात की झिडकाराव्यात यावरून काँग्रेसमध्ये फूट पडली आणि मवाळांनी 1918मध्येच वेगळी चूल मांडली. 1999मध्ये वेल्सला स्वतःचं प्रतिनिधीगृह मिळालं तेव्हा रेघ जवळपास तिथेच ओढली गेली. पोलिसांपुरती ती अजून हललेली नाही.

वेल्सच्या या व्यवस्थेला इंग्रजीत ‘डिव्होल्यूशन’ म्हणतात. संघराज्याशी तिची गल्लत करू नये. आपल्याकडे राज्यसूचीतला विषय केंद्राकडे न्यायचा तर संसदेत विशेष बहुमत लागतं आणि शिवाय निम्म्या राज्यांची मान्यता. ब्रिटनमध्ये तसं एकसंध लिखित संविधानच नाही. कार्डिफला मिळालेला प्रत्येक अधिकार लंडनच्या संसदेने साध्या कायद्याने दिलेला आहे. कार्डिफच्या विषयांवर त्याच्या संमतीशिवाय संसद ‘सहसा’ कायदा करणार नाही, असा एक संकेत आहे, सूएल संकेत नावाचा. पण तो राजकीय संकेत आहे, न्यायालयातून अमलात आणता येत नाही, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये सांगून टाकलं. म्हणजे जास्त अधिकार हवेत तर ते लंडनच्या खासदारांकडून मागून घ्यायचे. आणि वेल्समधून सर्वाधिक खासदार 1922पासून प्रत्येक निवडणुकीत लेबरचेच आले आहेत. मागणारे लेबरचे, अडवणारेही लेबरचे.

‘वेल्सवर प्रेम असणारे विरुद्ध नसणारे’ असं या भांडणाचं वर्णन बाहेरून केलं जातं, ते फारसं खरं नाही. कोण कुठल्या खुर्चीत बसला आहे ते पाहावं. लंडनमधल्या वेल्श खासदाराचं काम कार्डिफला गेलं की त्याचं वजन घटतं. कार्डिफच्या मंत्र्याला दवाखान्याच्या रांगेबद्दल शिव्या खाव्या लागतात, पण बहुतेक कर किंवा रेल्वेचे बहुतेक रूळ त्याच्या हातात नसतात. कौन्सिलरला वाटतं, लंडन दूर होतं तेच बरं होतं, कार्डिफ फार जवळ आलं. (जिल्हा परिषदेच्या सदस्याला मंत्रालयाबद्दल हेच वाटतं.) कामगार संघटनांना वेतनाच्या वाटाघाटी साऱ्या देशासाठी एकदाच व्हाव्यात असं वाटत आलं आहे. हे चारही गट एकाच पक्षात. त्यांच्यात जी तडजोड होते ती कायद्यात उतरते, म्हणून वेल्सच्या कायद्यांत जी जी विचित्र तरतूद दिसते तिच्यामागे पक्षातल्या भांडणाचा वण सापडतो.

दोन परंपरा तर अगदी सुरुवातीपासून आहेत. ट्रेडेगरच्या खाणगावातून आलेला अनायरिन बेव्हन, 1948मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी करणारा मंत्री, याचं म्हणणं असं की वेल्सच्या कामगाराचा प्रश्न इंग्लंडच्या कामगारापेक्षा वेगळा नाही. उत्तर एकच आणि तेही मध्यवर्ती सत्ता हाती घेऊनच मिळेल. दुसरा जेम्स ग्रिफिथ्स, तोही खाणीतलाच, पण वेल्श भाषिक. वेल्ससाठी वेगळं खातं हवं असं तो सांगत राहिला आणि 1964मध्ये ते खातं निर्माण झाल्यावर पहिला मंत्री झाला. 1950च्या दशकात वेल्सला संसद हवी म्हणून सह्यांची मोहीम निघाली तेव्हा लेबरच्या मूठभर खासदारांनी पक्षाची नाराजी पत्करून तिला पाठिंबा दिला. 1957मध्ये लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून ट्रिवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे वेल्श भाषिक गाव बुडवण्याचा कायदा संसदेने केला. वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नाही, तरी तो झाला. धरणाखाली गाव जाणं म्हणजे काय हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. 1966मध्ये कार्मार्दनची पोटनिवडणूक प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या ग्विनव्हॉर एव्हान्स यांनी जिंकली आणि लेबरला खरी धास्ती बसली. मग आयोग, अहवाल आणि वेल्सला निवडून आलेली सभा देऊ करणारा 1978चा वेल्स कायदा.

या कायद्यावर 1 मार्च 1979 रोजी सार्वमत झालं. सरकार लेबरचं, कायदा लेबरचा, आणि विरोधी प्रचाराचे सर्वांत खणखणीत आवाजही लेबरचे. सहा वेल्श लेबर खासदार उघड विरोधात गेले. त्यांत लिओ अ‍ॅब्सी आणि पुढे पक्षाचे नेते झालेले नील किनॉक होते. त्यांचा पहिला मुद्दा बेव्हनचाच, कामगारांची एकजूट तुटेल. दुसरा पैशाचा: वेल्स गरीब आहे, त्याला सगळ्या ब्रिटनची तिजोरी हवी. तिसरा मोठ्याने कमी बोलला गेला पण मतपेटीत वाजला: वेल्श येणारे जेमतेम पाचातले एक, आणि नव्या सभेत त्यांचंच राज्य होईल अशी दक्षिणेतल्या इंग्रजी भाषिक खाणपट्ट्याला भीती, उत्तरेला उलट भीती की कार्डिफ सगळं खाईल. निकाल ‘नाही’च्या बाजूने जवळपास 80 टक्के, आठही काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत.

स्कॉटलंडमध्ये त्याच दिवशी झालेल्या तशाच सार्वमतात 51.6 टक्के ‘होय’ मिळूनही उपयोग झाला नाही. जॉर्ज कनिंगहॅम या लेबरच्याच खासदाराने आधी एक दुरुस्ती घुसवून ठेवली होती: ‘होय’ म्हणणारे एकूण मतदारांच्या 40 टक्के तरी हवेत. ते भरले 32.9 टक्के. जो मतदानाला गेला नाही त्याचं मत ‘नाही’ धरणारी अशी अट निवडणुकीत लावली असती, तर किती सरकारं उभी राहिली असती कोण जाणे. स्कॉटिश राष्ट्रवाद्यांनी अविश्वास ठराव मांडण्याचा पवित्रा घेतला, मग विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर यांनी तो मांडला, आणि 28 मार्चला पंतप्रधान कॅलाहन यांचं लेबर सरकार 311 विरुद्ध 310, एका मताने, पडलं.

पुढची 18 वर्षं हुजूर पक्षाची. वेल्स मतं लेबरला देत होता आणि त्याचा कारभार लंडनने नेमलेला हुजूर मंत्री पाहत होता. 1993मध्ये तर इंग्लंडमधल्या वोकिंगमचे खासदार जॉन रेडवूड वेल्सचे मंत्री झाले. एकजुटीचा मुद्दा पटवून देणं लेबरला त्यानंतर अवघड झालं. 1997मध्ये लेबर सत्तेत परतलं आणि 18 सप्टेंबरला पुन्हा सार्वमत झालं. 22 भागांपैकी 11 ‘होय’, 11 ‘नाही’; ज्या कार्डिफला सभा बसायची होती ते ‘नाही’त. पहाटे शेवटचा निकाल कार्मार्दनशरचा आला आणि पारडं फिरलं: 50.3 टक्के, 6,721 मतांचा फरक, मतदान जेमतेम निम्मं.

इतक्या निसटत्या कौलावर पक्षातल्या विरोधकांना न दुखावता जे उभं राहिलं ते तसंच निसटतं होतं. 60 सदस्यांची सभा, पण तिला स्वतःचा कायदा करता येईना. लंडनच्या कायद्याखाली नियम काढायचे, एवढंच. कहर म्हणजे सभा आणि सरकार ही कायद्याच्या नजरेत एकच संस्था. म्हणजे मंत्र्याला जाब विचारणारा सदस्य त्याच संस्थेचा भाग. नेताही लंडनने निवडला. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना रॉड्री मॉर्गन नको होते, त्यांनी अ‍ॅलन मायकल यांना पुढे केलं. पक्षाच्या निवडीत मतांचे तीन समान भाग होते: सामान्य सदस्य, कामगार संघटना, आणि खासदार व उमेदवार. सदस्यांनी मॉर्गन यांना स्पष्ट कौल दिला. उरलेल्या दोन भागांच्या, विशेषतः संघटनांच्या गठ्ठा मतांच्या, जोरावर मायकल निवडून आले. मतदारांनी याचा हिशेब 1999च्या निवडणुकीत चुकता केला. ऱ्होंडा, लानेथली आणि किनॉकचं जुनं इझलुइन, हे लेबरचे बालेकिल्ले प्लाइड कम्रीकडे गेले. बहुमत हुकलं, आणि फेब्रुवारी 2000मध्ये अविश्वास ठराव समोर दिसताच मायकल यांनी राजीनामा दिला. आले मॉर्गनच.

यापुढचा टप्पा सगळ्यांत शिकण्यासारखा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. 2004मध्ये लॉर्ड रिचर्ड यांच्या आयोगाने सांगितलं: पूर्ण कायदे करण्याचा अधिकार द्या, सदस्य 80 करा. वेल्श लेबर खासदारांच्या पोटात गोळा आला. स्कॉटलंडच्या पार्लमेंटला पूर्ण अधिकार मिळाल्यानंतर तिथल्या खासदारांची संख्या 2005च्या निवडणुकीपासून 72वरून 59वर आली होती. पुढची पाळी वेल्सच्या 40 जागांची असणार, हे गणित त्यांना कळत होतं. कार्डिफला अधिकार हवेत, लंडनच्या खासदारांना नकोत. तडजोड म्हणून 2006चा कायदा जन्माला आला: अधिकार मिळतील, पण एकेक करून आणि दर वेळी विचारून.

ही पद्धत अशी चाले. आरोग्य, शिक्षण, घरबांधणी अशी 20 क्षेत्रं आखलेली, पण बहुतेक रिकामी. घरबांधणीबद्दल कायदा करायचा तर आधी त्या क्षेत्रात नेमका कोणता विषय घालायचा याचा मसुदा कार्डिफने लिहायचा. तो सभेच्या समितीने तपासायचा. लंडनच्या कॉमन्समधली वेल्स व्यवहार समिती तोच पुन्हा तपासणार. मग वेल्स खात्याचा मंत्री तो संसदेपुढे ठेवणार, किंवा 60 दिवसांत कारण देऊन नाकारणार. त्यानंतर कॉमन्स, लॉर्ड्स आणि राणीची संमती. एवढं झाल्यावर मिळायची ती कायदा करण्याची परवानगी. खरा कायदा पुन्हा कार्डिफला पहिल्यापासून.

घरांच्याच विषयात हे कुठे अडकलं ते पाहा. कौन्सिलच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूला ते सवलतीत विकत घेण्याचा हक्क थॅचर सरकारने 1980मध्ये दिला होता. विकलेल्या घरांच्या जागी नवी बांधली जाईनात, तेव्हा टंचाईच्या भागांत हा हक्क काही काळ थांबवण्याची मुभा कार्डिफला हवी होती. परवानगी देताना ‘थांबवा, पण पूर्ण रद्द करू नका’ असं बजावावं, असं लंडनकडच्यांना वाटलं. पण परवानगी विषयाची द्यायची असते. त्या विषयात पुढे कोणतं धोरण आखायचं हे परवानगीतच बांधून टाकता येतं का? रद्द करायचं तर मंत्र्याची वेगळी संमती लागेल, अशी मेख मारली तेव्हा ती कायद्यात बसते का यावरच वाद झाला. मसुदा मागे घ्यावा लागला, पुढे नव्याने आणावा लागला. वेल्समध्ये तो हक्क अखेर संपला 26 जानेवारी 2019 रोजी. मधल्या काळात दोन्ही टोकांना काही वर्षं लेबरच होतं.

2006च्या कायद्यात एक खिडकी मात्र ठेवलेली होती: सभेच्या दोन तृतीयांश सदस्यांनी ठराव केला आणि संसदेने मान्यता दिली तर सार्वमत घेऊन पूर्ण अधिकार घ्या. 2007मध्ये लेबरला 60पैकी 26 जागा मिळाल्या आणि प्लाइड कम्रीशी युती करावी लागली. युतीची अट हेच सार्वमत. 3 मार्च 2011ला ते झालं, 63.5 टक्के ‘होय’. 2014च्या कायद्याने काही कर आले, 2019पासून प्राप्तिकराच्या प्रत्येक टप्प्यातले 10 टक्के-बिंदू कार्डिफ ठरवू लागलं. 2017च्या कायद्याने मांडणी उलटवली: काय देता ते लिहिण्याऐवजी काय राखलं ते लिहायचं, उरलेलं सगळं वेल्सचं. राखीव गोष्टींची यादी मात्र मारुतीच्या शेपटासारखी. सभेचं नाव आता ‘सेनेद’ (Senedd). वेल्शमध्ये दोन ‘डी’ एकत्र आले की उच्चार ‘द’च्या जवळ जातो.

पैशाचं भांडण समजायला एक हिशेब पुरे. त्याला बार्नेट सूत्र म्हणतात. इंग्लंडमध्ये एखाद्या खात्याचा खर्च वाढला की वेल्सला त्या वाढीचा वाटा मिळतो: वाढ, गुणिले त्या खात्यातलं किती काम वेल्सकडे सोपवलेलं आहे त्याची टक्केवारी, गुणिले इंग्लंडच्या तुलनेत वेल्सची लोकसंख्या, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. वेल्सची गरज जास्त म्हणून वर 5 टक्के. इंग्लंडच्या आरोग्यावर 100 कोटी पौंड वाढले, तर 100 गुणिले 100 टक्के गुणिले साडेपाच टक्के म्हणजे साडेपाच कोटी, आणि वरचे धरून सुमारे 5.8 कोटी. गोम मधल्या टक्केवारीत आहे. लंडन-बर्मिंगहॅम असा एचएस-2 हा वेगवान रेल्वेमार्ग बांधला जातोय. वेल्समध्ये त्याचा एक फूटही रूळ नाही. पण लोहमार्ग हा विषय वेल्सला सोपवलेला नाही, म्हणून प्रकल्प ‘इंग्लंड आणि वेल्स’चा धरला गेला आणि वेल्सची टक्केवारी आली शून्य. स्कॉटलंडला पूर्ण वाटा मिळाला. लंडनमध्ये हुजूर सरकार असेतो वेल्श लेबरने या अन्यायावर रान उठवलं. 2024मध्ये लंडनमध्ये स्वपक्ष आल्यावर वर्गीकरण तेच राहिलं. 2025च्या जूनमध्ये वेल्सच्या रेल्वेसाठी 10 वर्षांत मिळून 44.5 कोटी पौंड जाहीर झाले. आपलंच सरकार वर आलं की खालच्याचा आवाज का बसतो, हे कुठल्याही राज्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

क्राउन इस्टेटचं तसंच. राजघराण्याच्या नावावर असलेली पण सरकारी तिजोरीत उत्पन्न भरणारी ही मालमत्ता, आणि तिच्यात किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ येतो. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या तर भाडं तिला. 2024-25चा निव्वळ नफा सुमारे 110 कोटी पौंड. स्कॉटलंडकडे त्याच्या वाट्याचं व्यवस्थापन 2017मध्ये गेलं. वेल्सलाही ते मिळावं ही वेल्श लेबरची अधिकृत भूमिका. फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे वेल्सच्या सरकारप्रमुख, असताना एलिनेड मॉर्गन ती जाहीरपणे मांडत राहिल्या. त्यांच्याच पक्षाच्या, लंडन मंत्रिमंडळातल्या वेल्स मंत्री जो स्टीव्हन्स यांचं उत्तर नकारार्थी: तुकडे केले तर गुंतवणूकदार बिचकतील. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, तरंगत्या पवनचक्क्यांचे करार दीर्घ मुदतीचे असतात आणि समुद्रात हद्द आखली की दोन परवाने आले. पण स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पवनऊर्जा थांबलेली नाही, हेही तितकंच खरं. भारतात मात्र या बाबतीत शहाणपण शिकवायला जाऊ नये. आपल्या घटनेच्या 297व्या कलमाने सागरी हद्दीतला तळ केंद्राचाच आहे.

आता पोलीस. वेल्समध्ये चार पोलीस दलं आहेत, चारही लंडनच्या गृहखात्याखाली. 2019मध्ये लॉर्ड थॉमस यांच्या आयोगाने न्यायव्यवस्था आणि पोलीस दोन्ही वेल्सकडे द्या असं सांगितलं. 2024च्या जानेवारीत रोवन विल्यम्स आणि लॉरा मॅकअलिस्टर यांच्या आयोगाने तेच म्हटलं. मध्ये 2022ला लंडनच्या लेबरसाठी माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी लिहिलेला अहवाल तरुण गुन्हेगार आणि प्रोबेशन इथपर्यंतच गेला. पक्ष सत्तेत आल्यावर गाडी त्याच्याही अलीकडे रेंगाळली. विरोधकांची बाजू अशी: गुन्हेगार सीमा पाळत नाहीत, आणि ईशान्य वेल्सचं रोजचं येणंजाणं लिव्हरपूल-चेस्टरशी आहे, कार्डिफशी नाही. समर्थक बोट दाखवतात मँचेस्टरकडे. तिथे पोलिसांची देखरेख 2017पासून महापौराकडे आहे. इंग्लंडमधल्या एका महानगराच्या महापौराला जे झेपतं ते एका देशाच्या सरकारला का झेपू नये?

बाकी पक्षांत हे भांडण वेगळ्या आकाराचं आहे. प्लाइड कम्रीला स्वातंत्र्यच हवं, वाद फक्त वेगाचा. हुजूर पक्षात सेनेदमधले सदस्य तिथल्या कामात रुळलेले, पण पक्षाचा बराच पाया सेनेदच मोडीत काढा म्हणणारा.

आकारावरून आठवलं: सदस्य 60वरून 96 करण्याचा कायदा 2024मध्ये झाला, तोही सौद्यातूनच. सेनेदच्या निवडणुकीचे नियम बदलायला 60पैकी 40 मतं लागत होती. लेबरचे 30, प्लाइड कम्रीचे 13. प्लाइडला पसंतीक्रमाची मतपद्धत हवी होती, लेबरला ती नको. म्हणून 2026पासून 16 मतदारसंघ, प्रत्येकी सहा सदस्य, आणि मतदाराने माणूस न निवडता पक्षाची बंद यादी निवडायची. यादीत कोण वर आणि कोण खाली हे पक्ष ठरवणार.

आणि पोलिसांच्या प्रश्नाला आता तारीखही लागली आहे. पोलीस दलांवर देखरेख करणारे, लोकांतून निवडून येणारे पोलीस आयुक्त मे 2028मध्ये बंद करण्याचं लंडनने 2025च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. इंग्लंडमध्ये त्यांचं काम शक्य तिथे महापौरांकडे जाईल. वेल्समध्ये असे महापौरच नाहीत.